नाशिक आणि त्या काळच्या बायकांच्या आठवणी : थोडी पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या घरातल्या बायकांच्या डायऱ्या म्हटलं की आपल्याकडे लोक पटकन रमाबाई रानड्यांचं नाव घेतात, पण ती डायरी नाहीच, सगळं मागाहून आठवून लिहिलंय. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं 1910 मध्ये आणि त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले 1901 मध्ये. रोजनिशी लिहायला निवांत कोपरा लागतो ना, तो वाड्यातल्या सुनेला कुठून मिळणार, आणि मुळात लिहिता यायला हवं. रमाबाईंना ते लग्नाआधी येतच नव्हतं, 1873 मध्ये लग्न झालं तेव्हा त्या 11 वर्षांच्या आणि नवरा 31 चा, अक्षरओळख त्यानेच करून दिली. आणि त्यावरून पुण्याच्या घरातल्या बायकांनी जी बोलणी ऐकवली ती पुस्तकात आहेत, मला तर तोच भाग जास्त खरा वाटतो.

नाशिकचा संबंध असा की 1878 मध्ये रानड्यांची बदली इथे झाली (पुण्यातल्या चळवळींवर सरकारचा डोळा होताच) आणि रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या त्या नाशिकच्या हायस्कुलात. भाषण मात्र नवऱ्याने लिहून दिलेलं! पुस्तकाचंही थोडं तसंच आहे, नाव 'आमच्या आयुष्यातील' पण सगळ्या आठवणी फिरतात नवऱ्याभोवती, आणि ते गेल्यावर बाईंनी सेवासदन या बायकांसाठीच्या संस्थेत वगैरे जे एवढं काम केलं ते त्यात नाहीच.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक, या तर आपल्याच, 1868 चा जन्म, गाव जलालपूर, इथून जवळच गंगेकाठी (म्हणजे गोदावरीच्या). घर श्रीमंत वगैरे नव्हे पण सोवळं म्हणाल तर कहर. आजोबांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांनी सोवळ्याचं असं काही वेड घेतलं की बाजारातून आणलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात येईना. ते धुवायचं, वाळवायचं कोणी, तर घरातल्या बायकांनी, आणि हे सगळं बाई हसत हसत सांगतात. पुढे 1895 मध्ये नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला, ह्या पाच वर्षांनी झाल्या, म्हणजे त्या घरातली मुलगी कुठून कुठे गेली बघा. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' चार भागांत निघालं 1934 ते 36 मध्ये, म्हणजे लहानपण एकोणिसाव्या शतकातलं आणि पुस्तक विसाव्यातलं, तोवर नवऱ्याला जाऊनही पंधरा वर्षं होऊन गेलेली. म्हणूनच बहुतेक नवऱ्याचा तापटपणा, न सांगता निघून जाणं, सगळं त्या बिनधास्त लिहितात, जे रमाबाईंना कधी जमलं नसतं.