खारा बर्फ, गोडा बर्फ

गेल्या मे महिन्यात, नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असताना, धरमपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी मला मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण ऐकवले. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये काका आणि काकू स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाभोवती फिरणाऱ्या एका छोट्या मोहीम-जहाजातून प्रवास करून आले होते. ध्वनिमुद्रणात ना वारा होता ना लाटा. भट्टीच्या तापलेल्या वाळूत फुटाणे फुटावेत तसा सततचा बारीक तडतडाट तेवढा ऐकू येत होता. रबरी बोटीचे इंजिन बंद करून सगळ्यांना गप्प बसायला सांगितले होते आणि भोवती तरंगणारे बर्फाचे तुकडे हा आवाज करत होते. सरबतात टाकलेला बर्फ एकदा तडकतो आणि शांत होतो. हा मात्र थांबतच नाही, असे का, हा काकूंचा प्रश्न होता.

ते तुकडे हिमनदीतून तुटलेले होते. हिमनदीचा बर्फ पाणी गोठून होत नाही, तो बर्फवृष्टीच्या थरांवर थर साचून होतो. भुरभुरीत हिमकणांच्या मधली हवा वरच्या थरांच्या भाराखाली कोंडली जाते, आणि बर्फ जसजसा खोल जातो तसतसे तिचे बुडबुडे आकसून त्यांच्यातला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट होतो. असा तुकडा समुद्रात वितळू लागला की बुडबुड्याभोवतीची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी फुटते. म्हणजे काकूंच्या मोबाइलवर ऐकू येणारा प्रत्येक ‘टक्’ हा शेकडो, कधीकधी हजारो वर्षांपूर्वीची हवा मोकळी झाल्याचा आवाज होता. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून केलेल्या मोजणीत हिमनद्या जिथे समुद्राला मिळतात त्या खाड्या जगातल्या समुद्रांमधील सर्वांत गोंगाटाच्या जागांपैकी ठरल्या आहेत. मला हे शोधांमधले फार सुंदर वाटते, कारण छायाचित्रांत हीच ठिकाणे अगदी निःशब्द दिसतात.

पण आर्क्टिकमध्ये जहाजाला अडवणारा बर्फ बहुतेक वेळा हा नसतो. तो समुद्राचेच पाणी गोठून झालेला असतो आणि त्याचा स्वभाव निराळा असतो. घरी पडताळून पाहायचे असेल तर एका डब्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवलेले, म्हणजे साधारण समुद्राइतके खारट पाणी घ्यावे, दोन्हींत शाईचे दोन थेंब टाकावेत आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. साध्या पाण्याचा बर्फ टणक होतो. खाऱ्या पाण्याचा बर्फ चमच्याने खरवडता येतो, ओलसर लागतो आणि त्याच्यात शाईच्या बारीक रेघा दिसतात. पाण्याचे रेणू स्फटिकात रचले जाताना मिठाला त्यात जागा मिळत नाही. ते बाहेर ढकलले जाते आणि स्फटिकांच्या मधल्या फटींत अतिखारट द्राव म्हणून उरते. घरगुती फ्रीजरच्या उणे १८ अंशांनाही तो द्राव गोठत नाही.

गोठण्याची सुरुवातही वेगळी असते. नागपूरचा फुटाळा किंवा अंबाझरी तलाव कधी गोठलाच, तर वरून गोठेल, कारण गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते आणि त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते. समुद्राच्या पाण्याला ही सवलत नाही. ते उणे १.८ अंशांच्या गोठणबिंदूपर्यंत जडच होत जाते, थंड झालेले पाणी बुडते, खालचे वर येते, आणि त्यामुळे पृष्ठभागाखालचा बराच जाड थर थंड झाल्याशिवाय बर्फ धरत नाही. मग आधी पाण्यावर तेलाचा तवंग आल्यासारखे दिसते; ती सुयांसारख्या बारीक स्फटिकांची गर्दी असते. लाटांनी ते गोळा होऊन गोल चकत्या बनतात, एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि कडा फुगलेल्या भाकऱ्या पाण्यावर पसराव्यात तसा समुद्र दिसू लागतो. चकत्या जुळल्या की सलग बर्फ. त्यातला खारट द्राव नळ्यांवाटे हळूहळू खाली झिरपत राहतो, आणि एखाददोन उन्हाळे टिकलेला बर्फ इतका गोडा होतो की पूर्वीचे दर्यावर्दी तो वितळवून पीत. त्या नळ्यांत शेवाळ वाढते, ते बारीक जीव खातात, त्यांच्यावर मासे, माशांवर सील आणि सीलवर ध्रुवीय अस्वल जगते.

स्वालबार्ड ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. तिथवर साधे प्रवासी जहाज जाऊ शकते, कारण अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहाची एक शाखा बेटांच्या पश्चिम किनाऱ्याला वळसा घालते. त्याच अक्षांशावर ग्रीनलंडच्या पूर्वेला उलट दिशेचा प्रवाह ध्रुवाकडचा बर्फ खाली वाहून आणतो. कप्तान आजही आकाश वाचतो: दूरवर बर्फ असेल तर ढगांचा तळ पांढुरका उजळतो, मोकळे पाणी असेल तर काळवंडतो. उपग्रहांची चित्रे आली तरी ही खूण उपयोगी पडते.

या किनाऱ्यावरच, ७९ अंशांच्या जरा अलीकडे, न्यू-ओलेसुन हे संशोधनग्राम आहे आणि तिथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. काका-काकूंना तिथे उतरण्यापूर्वी मोबाइलचे ब्लूटूथ आणि वायफाय बंद करावे लागले, कारण गावातील मोठ्या अँटेना क्वेझारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत टिपून पृथ्वीची सूक्ष्म हालचाल मोजतात आणि त्यासाठी २ ते ३२ गिगाहर्ट्झ हा पट्टा शांत ठेवला जातो. शेजारच्या कोंग्सफ्योर्डमध्ये भारताने २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही वेधशाळा १९२ मीटर खोलीवर नांगरली. ती पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह नोंदवते. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हा त्यामागचा एक मुख्य प्रश्न आहे, आणि विदर्भातल्या कापूस-सोयाबीनवाल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

उपग्रहांची सलग नोंद १९७९ पासूनची आहे. हिवाळ्याअखेरीस आर्क्टिकचा बर्फ सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो आक्रसून सुमारे ३४ लाखांवर आला, म्हणजे जवळजवळ भारताच्या क्षेत्रफळाएवढाच उरला. ताजे हिम ऊन मोठ्या प्रमाणात परतवते, उघडा समुद्र ते जवळजवळ सगळे शोषतो. म्हणून एकदा बर्फ गेला की पाणी तापते आणि आणखी बर्फ जातो. जहाजाच्या धुरातली काजळी बर्फावर बसली तर तीही हेच काम करते. बर्फ हटल्यामुळे मार्ग मोकळे होतात, मार्ग मोकळे झाल्यामुळे जहाजे वाढतात, ही साखळी मला अस्वस्थ करते. म्हणूनच नियम कडक होत आहेत ते योग्यच आहे. ध्रुवीय जहाजांची आंतरराष्ट्रीय संहिता २०१७ पासून लागू आहे, आर्क्टिकमध्ये जड इंधन तेलावर जुलै २०२४ पासून, काही सवलतींसह, बंदी आली आहे. स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २०२५ पासून २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही, आणि अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते.

काकूंच्या छायाचित्रांत एक बर्फाचे नाही. माघार घेतलेल्या हिमनदीने उघडा टाकलेला तो खडक आहे. त्याच्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत, कारण हिमनदी तळाशी अडकलेल्या दगडांनी जमीन किसत पुढे सरकते. तसेच ओरखडे चंद्रपूरजवळ, ईरई गावापाशी पैनगंगेच्या पात्रातील चुनखडकावर आहेत. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीचे आहेत, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असतानाचे. ते छायाचित्र पाहून काकांनी पावसाळ्यानंतर, नदीचे पाणी उतरले की, ईरईला जायचे ठरवले आहे.