मेण गेलं, ओरखडे उरले

आपण 'पाटी कोरी' म्हणतो, तसं लॅटिनमध्ये 'ताबुला रासा'. फक्त तिथली पाटी दगडाची नव्हे, लाकडाची. फळीचा मधला भाग किंचित खोलगट कोरायचा, त्यात काजळी मिसळलेलं मेण भरायचं आणि 'स्टिलुस' नावाच्या टोकदार सळईने लिहायचं. चुकलं की सळईचं चपटं टोक फिरवून मेण सपाट. 'रासा' म्हणजे खरवडलेली.

रोमन लोकांचे हिशेब अशा पाट्यांवर असत, म्हणून सरकारी नोंदी त्या 'ताबुले पुब्लिके' आणि दप्तरखाना 'ताबुलारियुम'. दोनतीन पाट्या एकत्र बांधल्या की 'कोडेक्स', मूळ अर्थ झाडाचा बुंधा. (आपलं 'दफ्तर' तरी काय? फारसीतून आलेला हा शब्द मुळात ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कातडं!)

पण सहज पुसता येणाऱ्या मेणावर कर्जरोखा लिहायचा म्हणजे पंचाईतच. त्यावर तोड अशी: मजकूर दोनदा लिहायचा. आतली प्रत दोऱ्याने बांधून साक्षीदारांच्या मोहरांनी बंद, बाहेरची वाचायला मोकळी. तंटा झाला की मोहरा फोडून ताळा पाहायचा. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात युकुंदुस नावाच्या सावकाराच्या घरी 1875 मध्ये दीडशेहून अधिक पाट्या सापडल्या, त्यांत या धर्तीच्या बऱ्याच आहेत.

रोमन काळात वसलेल्या लंडनमध्ये 2010 नंतरच्या उत्खननात चारशेवर पाट्या निघाल्या. ओल्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जीव फोफावले नाहीत आणि लाकूड टिकलं. मेण मात्र गेलेलं. मग वाचायचं काय? सळई जोरात दाबली की ती मेण भेदून लाकडावर ओरखडा काढते. समोरून उजेड टाकला तर तो दिसतही नाही. दिवा अगदी खाली, फळीच्या कडेला धरला की ओरखड्यात सावली भरते. वेगवेगळ्या बाजूंनी असे उजेड टाकून फोटो काढतात आणि संगणकावर ते एकत्र करतात.

एका पाटीवर तारीख निघाली: 8 जानेवारी, इ.स. 57. टिबुल्लुस नावाचा मुक्त झालेला गुलाम लिहून देतो, की घेतलेल्या मालापोटी आपण ग्रातुस नावाच्या माणसाचं 105 देनारी (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो.

सगळ्याच पाट्या इतक्या सरळ नाहीत. मेण सपाट करून लिहिणाऱ्याने पाटी पुन्हा वापरली, पण खालचं लाकूड कोण सपाट करणार? जुन्या पत्राचे ओरखडे तसेच, त्यावर नव्याचे. कुठली रेघ कुठल्या पत्रातली, हे सोडवण्यातच वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.