कोविडोत्तर विकार

सार्स-कोव्ह-२ या विषाणूच्या संसर्गाचा तीव्र टप्पा ओसरल्यावरही मागे राहणारी, किंवा काही आठवड्यांनी नव्याने उद्भवणारी लक्षणे आणि इंद्रियांतील बिघाड यांचे हे सामूहिक नाव. ‘दीर्घ कोविड’, ‘लाँग कोविड’ ही त्याची पर्यायी नावे होत. ठाणे व नवी मुंबईच्या दवाखान्यांत सरसकट ‘पोस्ट कोविड’ म्हणतात. मात्र या शब्दात म्यूकरमायकोसिस (काळी बुरशी), स्टेरॉइडचे दुष्परिणाम आणि दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहिल्याने आलेला अशक्तपणाही कोंबला जातो. ही सरमिसळ उपचारांच्या दृष्टीने घातक आहे.

नाव व व्याख्या. ‘लाँग कोविड’ हा शब्दप्रयोग इटालियन पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी मे २०२० मध्ये ट्विटरवर स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना प्रथम केला, असे सामान्यतः मानले जाते. त्याच महिन्याच्या आरंभी लिव्हरपूलचे प्राध्यापक पॉल गार्नर यांनी आपल्या सात आठवडे रेंगाळलेल्या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तेव्हा वर्णनाचे श्रेय एकट्या पेरेगोंना देता येत नाही. नावाचे देता येते. वैद्यकाने नव्हे तर रुग्णांनी नाव दिलेल्या मोजक्या विकारांत याची गणना होते.

कालमर्यादेबद्दल एकमत नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये ४ ते १२ आठवडे आणि १२ आठवड्यांनंतर असे दोन टप्पे पाडले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तज्ज्ञ व रुग्ण यांच्या सहमतीने केलेल्या व्याख्येत तीन अटी आहेत : लक्षणे संसर्गानंतर साधारण ३ महिन्यांनी आढळावीत, किमान २ महिने टिकावीत आणि दुसऱ्या निदानाने त्यांचा उलगडा होऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी जून २०२४ मध्ये मांडलेली व्याख्या अधिक सैल आहे. तीत प्रयोगशाळेतील पुराव्याची अट नाही आणि दुसरे निदान असले तरी हा विकार नाकारला जात नाही. संशोधनासाठी ही सैल व्याख्या सोयीची असेल. क्षयरोग व मधुमेह घरोघरी असलेल्या ठाणे जिल्ह्यात मात्र जागतिक आरोग्य संघटनेची तिसरी अट सोडणे परवडणारे नाही.

प्रमाणाचे आकडे व्याख्येनुसार बदलतात. जागतिक आरोग्य संघटना १०० बाधितांमागे सुमारे ६ असे प्रमाण देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला, त्यात १७.१ टक्के रुग्णांना त्रास होत असल्याचे आढळले. परंतु ती नोंद ४ ते ८ आठवड्यांची आणि दाखल झालेल्यांचीच आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवू नयेत. त्याच अभ्यासात वर्षभरात ६.५ टक्के रुग्ण दगावले. संसर्गापूर्वी लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका कमी होता.

कारणमीमांसा. एकच कारण सिद्ध झालेले नाही. ऊतींत विषाणूचे अवशेष टिकून राहणे, प्रतिकारयंत्रणा शांत न होणे, सुप्त एपस्टाइन-बार विषाणू पुन्हा जागा होणे, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन सूक्ष्म गुठळ्या बनणे आणि नाडी व रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेतील बिघाड ही मुख्य गृहीतके. ती परस्परविरोधी नाहीत. एकाच रुग्णात दोन-तीन एकत्र असू शकतात, असे मानणे अधिक सयुक्तिक. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅममधील अभ्यासात २५ रुग्ण व २१ निरोगी व्यक्तींना सायकल चालवायला लावून आधी व नंतर स्नायूंचे तुकडे तपासले. रुग्णांच्या स्नायूंत ऊर्जानिर्मिती खालावलेली आणि श्रमानंतर इजा वाढलेली दिसली. ‘सगळे मनाचे खेळ’ या आक्षेपाला हे ठोस उत्तर होय.

लक्षणे व तपासणी. थकवा, धाप, विसरभोळेपणा व एकाग्रता न होणे ही तीन लक्षणे सर्वाधिक आढळतात. त्यांतला थकवा दोन प्रकारचा असतो आणि तो आधी ओळखावा लागतो. पहिला अंथरुणावर पडून राहिल्याने आलेला; तो हळूहळू व्यायाम वाढवला की उतरतो. दुसऱ्यात श्रम केल्यावर लगेच नव्हे, तर १२ ते ४८ तासांनी रुग्ण कोसळतो : सोमवारी ठाणे स्थानकाचा पूल चढून वाशीची गाडी पकडली, की बुधवारी अंथरुणातून उठवत नाही. इथे व्यायाम वाढवणे अपायकारक ठरते. दिवसाची कामे तुकड्यांत विभागणे, थकण्यापूर्वीच थांबणे आणि दोन आठवडे श्रम व लक्षणांची रोजनिशी ठेवून आपली मर्यादा शोधणे हाच मार्ग.

धापेसाठी सहा मिनिटांची चालचाचणी वापरतात. तिला ३० मीटर सरळ, सपाट मार्गिका लागते. ती नसल्यास हात न टेकता खुर्चीवरून एक मिनिट ऊठबस करवतात. ऑक्सिजनची पातळी ४ अंकांनी उतरली तर पुढील तपासणी आवश्यक. बोटावर मेंदी, नेलपॉलिश किंवा गारठा असल्यास ऑक्सिमीटर चुकतो. सावळ्या त्वचेवर तो पातळी प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतो. रुग्ण बहुधा २०२० किंवा २०२१ सालचा, २५ पैकी गुण दिलेला एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) अहवाल घेऊन येतात. तो गुणांक त्या वेळच्या सुजेचा. आजची फुप्फुसक्षमता त्यावरून ठरत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री (नळीत फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजणे) आणि वायुविसरण, म्हणजे फुप्फुसांतून रक्तात वायू झिरपणे, मोजणारी डीएलसीओ चाचणी हवी. नुसती स्पायरोमेट्री सामान्य येऊनही विसरण घटलेले असू शकते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तपासलेल्या २०७ जणांपैकी सुमारे ४४ टक्क्यांत ते घटलेले होते.

उभे राहताच धडधड व चक्कर येत असेल तर भिंत-चाचणी करतात. रुग्णाला १० मिनिटे आडवे ठेवून नाडी व रक्तदाब मोजावा. मग टाचा भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर ठेवून, पाठ टेकवून १० मिनिटे उभे करावे व दर मिनिटाला नोंद घ्यावी. रक्तदाब फारसा न पडता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी (१२ ते १९ वयात ४०) वाढून तशीच राहिली, तर पॉट्स (उभे राहताच नाडी अवाजवी वाढण्याचा विकार) हे निदान संभवते. शेजारी माणूस असावाच, भोवळ येते. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारी औषधे) चालू असताना किंवा पाणी कमी प्यायलेले असताना निकाल फसवा येतो. खाडीकाठच्या दमट उकाड्यात हा त्रास बळावतो. जास्त पाणी, पायांना घट्ट मोजे यांनी उतार पडतो. मीठ वाढवण्याचा सल्ला मात्र उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना लागू नाही.

गंधविकृतीत भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांचा व गंधकयुक्त वास कुजका लागतो. कांदा-लसणाच्या फोडणीने घरात राहणे नकोसे होते. जर्मन तज्ज्ञ थॉमस हुमेल यांच्या पद्धतीनुसार गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी सुमारे १० सेकंद, किमान १२ आठवडे हुंगतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि उपाय फसला म्हणतात. केस गळणे २-३ महिन्यांनी सुरू होते व आपोआप थांबते.

गल्लत होणारे विकार. रेंगाळलेला खोकला, वजन घटणे व संध्याकाळचा ताप असल्यास आधी थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी. पावसाळ्यानंतरची सांधेदुखी चिकुनगुनियाची आणि आठवडेभर न जाणारी मरगळ डेंग्यूनंतरची असू शकते. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ व एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहिल्याशिवाय ‘पोस्ट कोविड’ असा शिक्का मारू नये. मधुमेहाचे निदान कोविडनंतर झाले तरी तो आधीचाच होता की नंतरचा, हे जुन्या अहवालाविना सांगता येत नाही.

जांघेत किंवा कुल्ह्यात दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल तर स्टेरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी. प्रारंभी साधा एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआय लागतो. म्यूकरमायकोसिसही मुख्यतः अनियंत्रित साखर व स्टेरॉइड यांच्या युतीचा परिणाम होता. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना तो अधिसूचनीय (प्रत्येक रुग्ण शासनाला कळवावा लागणारा) रोग ठरवण्यास सांगितले. बाळकुमचे ग्लोबल हब, वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र अशा तात्पुरत्या उपचारकेंद्रांची डिस्चार्ज कार्डे म्हणूनच जपावीत : स्टेरॉइडची मात्रा व दिवस यांची नोंद बहुधा तेवढ्यावरच सापडते.

तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचे खापर लसीवर फोडले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १८ ते ४५ वयोगटातील अभ्यासात लसीने धोका वाढलेला आढळला नाही. कोविडसाठी दाखल झाल्याचा पूर्वेतिहास, कुटुंबातील आकस्मिक मृत्यू आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान वा अतिश्रम यांनी तो वाढला.

उपचार. मूळ विकारावर सिद्ध औषध नाही. स्टॅनफर्डमधील चाचणीत १५ दिवसांच्या पॅक्सलोव्हिड या विषाणूरोधक औषधाने फरक पडला नाही. संसर्गाच्या सुरुवातीलाच दिलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाने नंतरच्या दीर्घ कोविडच्या निदानाचे प्रमाण १०.४ वरून ६.३ टक्क्यांवर आले. मात्र चाचणीतील सर्व जण स्थूल वा अधिक वजनाचे होते. कोविडनंतरच्या काळजीबद्दलच्या भारताच्या सप्टेंबर २०२० च्या नियमावलीत प्राणायामही आहे. संथ श्वसनाचा धाप व धडधडीत उपयोग होतो. कपालभातीसारखे जोरकस प्रकार श्रमानंतर कोसळणाऱ्या रुग्णांनी टाळावेत.