शेल्टरमधून कुत्रा दत्तक घेतला, तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

कुत्रं किंवा मांजर दत्तक घेतल्याबद्दल आपल्याकडे आयकरात थेट सूट नाही. लस, नसबंदी, खाणं, डॉक्टरची फी, यातलं काहीच वजावटीत धरता येत नाही. सूट मिळते ती शेल्टरला दिलेल्या देणगीवर, आयकर कायदा 1961 च्या कलम 80जी खाली. (ही माहिती 31 मार्च 2026 पर्यंतच्या देणग्यांची आहे, पुढे नवा कायदा लागू होतो आणि कलमांचे नंबर बदलतात.)

संस्थेकडे चालू 80जी नोंदणी हवी. नुसती ट्रस्टची नोंदणी पुरत नाही. 80जी नोंदणी मुदतीची असते, म्हणून पैसे देण्याआधीच विचारून घ्या. दुसरी अट म्हणजे तुम्ही जुनी करप्रणाली निवडलेली हवी. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते. पगारदारांना रिटर्न भरताना जुनी निवडता येते, पण मुदतीच्या आत. एवढ्या एका वजावटीसाठी जुनी प्रणाली क्वचितच परवडते, तेव्हा दोन्हींचा हिशेब मांडून बघा.

अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या 50 टक्के वजावट मिळते, आणि त्यासाठी देणगी उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच धरली जाते. 10,000 रुपये दिले तर 5,000 वजा होतात. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह 1,040 रुपये वाचतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दत्तक शुल्कात. लस-नसबंदीच्या खर्चापोटी शेल्टर जे पैसे घेतं, ती देणगी नव्हे. देणगी स्वखुशीने वेगळी द्या आणि तिची पावतीही वेगळी घ्या. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेक बरा. खाण्याची पोती, जुन्या चादरी जरूर द्या, शेल्टरला त्यांची फार गरज असते. पण वस्तूंवर वजावट शून्य.

पावतीवर संस्थेचा पॅन, 80जी नोंदणी क्रमांक आणि रक्कम आहे ना, ते तिथेच वाचून घ्या. तुमचा पॅनही तेव्हाच द्या, कारण संस्था तो फॉर्म 10बीडीमध्ये, म्हणजे आयकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या विवरणात, भरते आणि त्यावरूनच तुम्हाला फॉर्म 10बीई हे प्रमाणपत्र मिळतं. दोन्हींची मुदत 31 मे. प्रमाणपत्रातला तपशील रिटर्नच्या शेड्यूल 80जीमध्ये भरायचा. कागद जोडायचे नाहीत, जपून ठेवायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 10बीई आला नाही, तर शेल्टरला फोन करा. बहुतेक ठिकाणी पिंजरे धुणारी आणि हिशेब ठेवणारी माणसं तीच असतात, त्यामुळे पावतीचा फोटो सोबत पाठवलात तर त्यांचंही काम हलकं होईल.