तरतूद करणारी मुंगी : पुण्याच्या माळावरून जगाच्या यादीत गेलेल्या नावाची पार्श्वभूमी

फायडोले या वंशात आज मुंग्यांच्या अकराशेहून अधिक जाती गणल्या जातात. कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी २००३ मध्ये एकट्या अमेरिका खंडांतील फायडोलेंचा आढावा घेतला, तेव्हा ६२४ जातींची नोंद झाली आणि त्यांपैकी ३३७ विज्ञानाला नवीन होत्या. एवढा पसारा असलेल्या या वंशाची प्रमाण जाती, म्हणजे ज्या जातीच्या आधाराने 'फायडोले' या नावाचा अर्थ ठरतो ती जाती, मात्र दख्खनच्या पठारावरची आहे. तिचे नाव फायडोले प्रॉव्हिडेन्स आणि तिचे मूळ ठिकाण पुणे.

या नावाची सुरुवात विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यापासून होते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, पाऊस आणि लोकसंख्या यांच्या नोंदी ठेवताना त्याने प्राणी आणि पक्षीही टिपून ठेवले. माळावरच्या एका चंडोलाचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३२ मध्ये केले आणि तो पक्षी इंग्रजीत आजही साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. मुंग्यांवरचा त्याचा लेख १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. त्यात त्याने काही भारतीय मुंग्यांचे पहिल्यांदा वर्णन केले आणि त्यांपैकी एकीला 'अट्टा प्रॉव्हिडेन्स' असे नाव दिले.

त्या लेखातील मुंगीच्या अंगाचे वर्णन आजच्या मापाने त्रोटकच म्हणावे लागेल, पण तिच्या वागणुकीची नोंद मात्र इतकी बारकाईने केलेली आहे की तिच्यामुळेच हा लेख लक्षात राहिला. जून महिन्यात, पावसाळा नुकताच सुरू झालेला असताना, पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या साइक्सला कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. ढीग विसाहून अधिक होते आणि प्रत्येकात मूठभर बी होते. जवळ जाऊन पाहिल्यावर त्याला शेकडो मुंग्या बिळातून एकेक दाणा वर आणताना दिसल्या. पहिल्या पावसात जमिनीखालचा साठा भिजला असावा आणि पहिले ऊन पडताच मुंग्यांनी तो वाळवायला बाहेर काढला असावा, असा त्याने तर्क केला. बिळाचे तोंड उभ्या भिंतींचे होते. अशक्त मुंग्या दाण्यासकट वरून तळाशी पडत, पण दाणा सोडत नसत आणि पुन्हा चढायला लागत. त्याच वर्षी ऑक्टोबरात, परतीचा पाऊस संपल्यावर, त्याने हेच वाळवण पुन्हा पाहिले. हा साठा जानेवारी-फेब्रुवारीत गवत पिकते तेव्हा भरला गेला असावा, असा त्याचा हिशेब होता. तो थोडा उशिराचा वाटतो, कारण माळावरचे बरेचसे गवत दिवाळीच्या आगेमागेच पिकून वाळू लागते.

साइक्सने एवढी काळजी का घेतली, हे समजण्यासाठी त्या वेळचा युरोपातील वाद लक्षात घ्यावा लागतो. मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते, हे बायबलच्या नीतिवचनांत आणि ग्रीक कथांत सांगितलेले होते. परंतु इंग्लंडमध्ये विल्यम गूल्ड याने १७४७ मध्ये आणि त्याच्यानंतर इतरांनीही आपल्याकडच्या मुंग्या तपासल्या, तेव्हा त्यांना धान्याचे कोठार कुठेच सापडले नाही. थंड देशांतील मुंग्या हिवाळ्यात निपचित असतात आणि त्यांना साठ्याची गरजच नसते. त्यामुळे जुन्या लोकांनी मुंग्यांचे कोश पाहून ते दाणे समजले असावेत, असे मत रूढ झाले. आपले निरीक्षण या मताच्या विरुद्ध जाते, याची साइक्सला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच आपण कोशांना बी समजत नाही आहोत, याची खात्री करून घेतल्याचे त्याने मुद्दाम लिहिले. मद्रास प्रांतातील लष्करी डॉक्टर थॉमस जर्डन याने १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्याच्या लिखाणातूनही बिया पळवणाऱ्या मुंग्यांना दुजोरा मिळाला. त्याची तक्रार बागकाम करणाऱ्याची होती, कारण वाफ्यात पेरलेले भाजीचे बी उगवण्याआधीच मुंग्या उचलून नेत. युरोपातला वाद मात्र १८७०च्या दशकात जॉन मॉग्रिज याने भूमध्य समुद्राच्या किनारी मेंतों येथे मुंग्यांची कोठारे खणून दाखवली, तेव्हा कुठे मिटला. त्याने पुण्याच्या नोंदीचा आधार घेतलेला आहे.

या मुंगीचे वंशनाम मात्र साइक्सच्या हयातीतच बदलले. त्या काळी 'अट्टा' हे नाव अनेक प्रकारच्या मुंग्यांना सरसकट लावले जाई. इंग्लिश कीटकतज्ज्ञ जॉन वेस्टवुड याने १८३९ मध्ये फायडोले हा वेगळा वंश स्थापन केला. 'प्रॉव्हिडेन्स' हा लॅटिन शब्द पुढचे पाहून तरतूद करणारीसाठी आहे, तर 'फायडोले'च्या मुळाशी काटकसरीचा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. म्हणजे जातीचे नाव आणि वंशाचे नाव, दोन्ही त्या बियांच्या ढिगांकडे बोट दाखवतात. या वंशातील सगळ्या जाती काही बिया साठवत नाहीत. अनेक जाती मेलेले किडे खाऊनही गुजराण करतात, पण सगळ्यांना नाव मिळाले ते काटकसरीचे.

भारतातील मुंग्यांची पुढची पद्धतशीर नोंद झाली ती मुंबई प्रांतातील वनाधिकारी आर. सी. रॉटन यांच्या खटपटीतून. त्यांनी गोळा केलेले नमुने स्वित्झर्लंडमधील ऑगुस्त फोरेल यांच्याकडे जात आणि फोरेल यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली जाई. फोरेल यांनी १९०२ मध्ये फायडोलेच्या दोन भारतीय जातींना साइक्स आणि रॉटन यांची नावे दिली. चार्ल्स बिंगहॅम यांनी १९०३ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदा मालेतील मुंग्यांचा खंड लिहून हे सगळे एकत्र केले. मधल्या काळात 'अट्टा' हे नाव आक्रसत जाऊन फक्त अमेरिकेतील पाने कापणाऱ्या मुंग्यांपुरते उरले आणि पुण्याच्या मुंगीचा त्याच्याशी काही संबंध राहिला नाही असे वाटत होते. परंतु २०१५ मध्ये जनुकीय पुराव्यावरून मिर्मिसिनी या उपकुलाची फेरमांडणी झाली, तेव्हा फायडोले वंश अट्टाच्याच गटात, अट्टिनीमध्ये, समाविष्ट करण्यात आला. साइक्सचे नाव चुकीचे ठरले होते, तरी नाते अगदीच दूरचे नव्हते, असे म्हणायला आता हरकत नाही.

या मुंग्यांच्या कामकऱ्यांत दोन ठळक प्रकार असतात. लहान कामकरी दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि त्यांच्यात मधूनमधून बेढब वाटावे एवढ्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या फिरताना दिसतात. त्या डोक्यात मुख्यत्वे जबड्याचे स्नायू असतात. बिया साठवणाऱ्या जातींत दाणे फोडण्याचे काम त्यांच्याकडे येते.

अधिवासाचा इतिहास मात्र नावाच्या इतिहासाइतका सुदैवी नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या पुण्याच्या पूर्वेकडील पठारावर मातीचा थर पातळ असतो, खाली मुरूम आणि काळा खडक असतो आणि वर्षातले आठ महिने कोरडे जातात. झाडीऐवजी तिथे पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवते वाढतात, एका पावसाळ्यात वाढून एकदमच बी टाकतात आणि नंतर जमीन उघडी पडते. बी साठवून ठेवण्याची सवय अशा जागी जगायला उपयोगी पडते. याच वैराण दिसणाऱ्या माळाला साइक्सने 'पडीक' म्हटले, महसुली कागदांतही तो पडच राहिला आणि स्वतंत्र भारतातही गवताळ प्रदेशांचा मोठा भाग ओसाड जमिनीच्या हिशेबात धरला गेला. पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे, नांगरणे किंवा बांधकाम करणे ओघानेच येते. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले ते चिंकारासाठी आणि त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. 

मुंगीला अर्थात अभयारण्याचीच गरज नसते. न नांगरलेली, गवत टिकून असलेली थोडी जमीन पुरते. बिळाभोवती टाकलेल्या टरफलांचा थर, मातीच्या गोल कड्या आणि जूनमध्ये पहिल्या सरींनंतर ऊन पडताच बाहेर येणारे दाणे, या खुणा शहराच्या कडेच्या मोकळ्या मैदानांवर अजूनही शोधता येतात.