एकाच नावाखाली दडलेले समुद्री किडे

ओहोटीला खाडीच्या चिखलात थोडं खणलं की कधीकधी लालसर, वीतभर लांब किडा हाती लागतो. आपण गांडूळ म्हणून सोडून देतो, पण नीट बघा, अंगाच्या प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंनी इवले पाय आणि त्यांच्यावर बारीक राठ केस. हा पॉलिकीट. यांच्या जगभरात १२ हजारांच्या आसपास प्रजाती नोंदल्यात आणि माझ्या मते खरा आकडा कितीतरी मोठा असणार.

कारण नावांचा घोळ. मार्फिसा सँग्विनिया (मार्फिसा हे गटाचं नाव, सँग्विनिया हे त्यातल्या प्रजातीचं) हे नाव दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या किड्याला दिलेलं, मग तसाच दिसणारा किडा भारतात, ऑस्ट्रेलियात, जिथे सापडला तिथे तेच नाव चिकटलं. ओळखायची पुस्तकंच युरोपातली, त्यामुळे दुसरं होणार काय! फ्रेंच अभ्यासक फोवेल यांनी १९५३ साली भारतीय किनाऱ्याच्या पॉलिकीटांवर ग्रंथ लिहिला, प्रचंड काम आहे ते, पण त्यातही अशी युरोपियन नावं भरपूर. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात गळाला लावायला वापरतात तो मार्फिसा नीट तपासला तर ती वेगळीच प्रजाती निघाली, तिचं नाव मुल्लावा ठेवलं. आपल्याकडे चिलिका सरोवरातल्या मार्फिसाला मात्र १९२१ मध्येच ग्रेव्हली हे स्वतंत्र नाव मिळालं होतं.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेतल्या लिझार्ड बेटावर जगभरातले पॉलिकीटवाले दोन आठवडे एकत्र बसले. मेलेलं प्रवाळ छिन्नी-हातोड्याने फोडायचं, तुकडे पाण्याच्या बादलीत ठेवायचे, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की किडे आपणहून बाहेर येतात. मग गुंगी देऊन जिवंतपणीच फोटो काढायचा, कारण अल्कोहोलमध्ये टाकलं की रंग उडतो आणि बऱ्याचदा रंगावरच तर फरक कळतो. शेपटीचा छोटा तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये, बाकीचं शरीर फॉर्मॅलिनमध्ये. एवढ्याशा बेटाभोवतून नव्वदच्या आसपास नव्या प्रजाती निघाल्या! ज्या रीफवर इतकी वर्षं संशोधन चालू आहे तिथे ही गत, तर आपल्या किनाऱ्यावर काय असेल?

हे किडे कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथे, खाद्य म्हणून जातात, म्हणजे कुठल्या प्रजातीला किती ओरबाडतोय हेही कळायला हवं. जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या जुन्या बाटल्या उघडून काम भागत नाही, फॉर्मॅलिनमधल्या किड्यातून डीएनए मिळवणं फार अवघड. जिथून सँग्विनियाची नोंद झाली त्या प्रत्येक खाडीत परत चिखलात उतरून ताजा किडा काढायचा आणि डेव्हनच्या किड्याशेजारी ठेवून बघायचा.