फुप्फुसातली गुठळी: औषध पुरेल की कॅथेटर लागेल?

पायाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या रोहिणीत अडकते, त्या विकाराला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. मोठी शस्त्रक्रिया, मोडलेले हाड, बाळंतपण आणि कर्करोग ही त्याची नेहमीची निमित्ते. गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांना तासन्‌तास एका जागी बसण्याची भीती घातली जाते. ती अगदीच खोटी नाही, पण बेताची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून लांब प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मात्र निरोगी माणसांच्या इतक्या लांबीच्या विमानप्रवासांत तो सहा हजारांत एक एवढाच आढळला.

गुठळीने वाट अडवली की फुप्फुसाकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. उपचाराची निवड गुठळीच्या आकारापेक्षा या ताणावर आणि रक्तदाबावर अधिक अवलंबून असते. दाब व्यवस्थित आणि कप्पा निर्धास्त असलेल्या बहुसंख्य रुग्णांना हेपारिनसारखी इंजेक्शने किंवा गोळ्या पुरतात. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत; ती तिला वाढू देत नाहीत आणि विरघळवण्याचे काम शरीर स्वतःच्या गतीने करते. याउलट वरचा रक्तदाब 90 च्या खाली घसरून टिकून राहिला, तर एवढी उसंत नसते. अशा वेळी गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देतात. अल्टेप्लेझ असेल तर साधारणपणे 100 मिलिग्रॅम, दोन तासांत.

खरा वाद मधल्या गटाविषयी आहे. या रुग्णांचा दाब शाबूत असतो, पण टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवा कप्पा फुगलेला दिसतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेले ट्रोपोनिन रक्तात वाढलेले असते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पायथो चाचणीत अशा हजारभर रुग्णांपैकी निम्म्यांना हेपारिनच्या जोडीला टेनेक्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारे औषध दिले. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणे याचे प्रमाण 5.6 टक्क्यांवरून 2.6 टक्क्यांवर आले, परंतु मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात होण्याचे प्रमाण 0.2 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर गेले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असाच हा हिशेब आहे.

कॅथेटर या कोंडीतून वाट काढू पाहतो. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयामार्गे थेट गुठळीपर्यंत नेतात आणि तिच्यातून अल्टेप्लेझसारखे विरघळवणारे औषध बऱ्याच कमी मात्रेत, सहसा दहा-वीस मिलिग्रॅमच्या आसपास, हळूहळू सोडतात. दुसऱ्या पद्धतीत औषध न वापरता जाड नळीने गुठळी ओढून काढतात. यातल्या मोठ्या नळ्या सुमारे 8 मिलिमीटर जाडीच्या असतात. चोवीस तासांत कप्प्याचा फुगवटा उतरलेला दिसतो, हे खरे. परंतु अल्टिमा या 59 रुग्णांच्या चाचणीत नव्वद दिवसांनी पाहिले, तेव्हा केवळ हेपारिन घेतलेल्यांचे हृदयही जवळपास तितकेच सावरले होते. 2024 च्या पीअरलेस चाचणीत ओढून काढण्याच्या पद्धतीने अतिदक्षता विभागातला मुक्काम कमी झाला, पण तिथे तुलना दोन कॅथेटर पद्धतींमध्येच होती आणि मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. चित्रफितीत गुठळी बाहेर येताना पाहून नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो, हे समजण्यासारखे आहे. तेवढ्याने आयुष्य वाढले असे मात्र सिद्ध होत नाही.

कोकणात या तुलनेत अंतराचीही भर पडते. मोठ्या रुग्णालयासाठी सिंधुदुर्गातले लोक गोव्यातल्या बांबोळीचा रस्ता धरतात, रत्नागिरीहून आंबा घाट आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट ओलांडावा लागतो, आणि पावसाळ्यात दरड आली तर गाडी कुठे अडकेल याचा नेम नाही. म्हणून दाब कोसळलेल्या रुग्णाला, रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल तर, कॅथेटरच्या आशेने तसाच घाटात पाठवण्यापेक्षा विरघळवणारे औषध जवळच्या रुग्णालयात देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तिथे हे औषधच धोक्याचे असल्याने कॅथेटर किंवा शस्त्रक्रियेची सोय शोधावीच लागते. मधल्या गटाला हेपारिन सुरू करून, दाब आणि प्राणवायूवर डोळा ठेवून, प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता वेळेत हलवता येते. संशय दाट असेल तर सीटी स्कॅन होण्याआधीच हेपारिन सुरू करावे, असे 2019 ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

मार्ग कोणताही निवडला, तरी पुढे निदान तीन महिने गुठळीरोधक गोळ्या घ्याव्या लागतात, कारण कॅथेटरने फुप्फुसातली गुठळी निघाली तरी पायातली शीर तशीच असते. धाप थांबली आणि शेतीची कामे सुरू झाली की या गोळ्या परस्पर बंद केल्या जातात, आणि नवी गुठळी होण्याची शक्यता या पहिल्या महिन्यांतच सर्वाधिक असते.